हरवलेला ड्रोन आणि त्याचा माग
इयत्ता सहावी ते आठवीसाठी विज्ञान व गणित यांचा संयुक्त पाठ

वऱ्हाडातील खेड्यांत ड्रोन ही आता केवळ नवलाची वस्तू राहिलेली नाही. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली गावठाणांची मोजणी ड्रोनच्या साहाय्याने करण्यात आली, त्या वेळी पुष्कळ मुलांनी हे यंत्र प्रथमच पाहिले असेल. पऱ्हाटी, सोयाबीन व तूर यांच्या वावरांवर फवारणी करणारे ड्रोनही मुलांच्या परिचयाचे होऊ लागले आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने महिला बचत गटांसाठी ड्रोनची योजना मंजूर केली. देशातील १५,००० गटांना फवारणीचे ड्रोन मिळावेत व किमतीच्या ८० टक्के, परंतु कमाल ८ लाख रुपये, साहाय्य द्यावे असे तीत ठरले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. ही घटना ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना पाठीवरचा पंप उतरविणाऱ्या या यंत्राचे मोल निराळे सांगावयास नको.

असे यंत्र उडता उडता दिसेनासे झाले तर काय होते? उर्वरित रक्कम कर्जाने उभी केलेल्या गटाचा रोजगार बुडतो. टाकीतील विषारी औषध कोठेतरी सांडते. आणि गावात शोधापूर्वीच संशय सुरू होतो. वस्तू सापडत नाही म्हणजे ती कोणीतरी नेली असली पाहिजे, हा तर्क सोपा असतो व तो बहुधा गरिबाच्या दारी जाऊन थांबतो. म्हणून हरवलेल्या वस्तूचा माग पद्धतशीरपणे काढण्याची विद्या हा जसा विज्ञानाचा पाठ आहे, तसाच तो न्यायबुद्धीचाही आहे.

पाठाचा हेतू

आपले स्थान जाणणे आणि ते दुसऱ्यास कळविणे ही दोन कामे भिन्न आहेत, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे हा या पाठाचा मुख्य हेतू होय. त्याच्या अनुषंगाने दिशा, अंतर, कोन, प्रमाण व क्षेत्रफळ या गणितातील कल्पनांचे उपयोजन करून दाखवावयाचे आहे.

पूर्वज्ञान

विद्यार्थ्यांस मुख्य दिशा, प्रमाणावरून नकाशा काढणे व कोनमापकाचा उपयोग माहीत असावा. प्रारंभी शिक्षकांनी गुरांचे उदाहरण घ्यावे. गाय रानात चुकते तेव्हा गुराखी तिचा शोध कसा घेतो, असे विचारावे. गळ्यातील घंटेचा आवाज, शेवटी जिथे चरत होती ती जागा, पाण्याची ठिकाणे, मातीत उमटलेले खूर अशी उत्तरे मुले आपण होऊनच देतील. ती फळ्याच्या एका कडेस लिहून ठेवावी व पाठ संपेपर्यंत पुसू नयेत. पुढे जे सांगावयाचे आहे ते बहुतेक सर्व या उत्तरांत बीजरूपाने आलेलेच असते.

विषयप्रतिपादन

१. जाणणे आणि कळविणे. ‘उपग्रह वरून ड्रोनकडे पाहत असतो,’ असा समज मुलांतच नव्हे तर मोठ्या माणसांतही आढळतो. तो प्रथम दूर करावा. जीपीएसचे उपग्रह भूपृष्ठापासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात व सतत वेळेचे संकेत पाठवितात. ते कोणाकडे पाहत नाहीत आणि ऐकतही नाहीत. ऐकण्याचे काम ड्रोनमधील ग्राहक करतो. संकेत निघाल्याची वेळ व पोचल्याची वेळ यांतील अंतरावरून तो उपग्रह किती दूर आहे हे काढतो. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की त्याला आपली जागा व अचूक वेळ समजते. मोकळ्या आकाशाखाली हे स्थान काही मीटरांच्या आत बरोबर येते.

परंतु आता जे कळले ते फक्त ड्रोनला कळले. तुरीत पडलेल्या ड्रोनला आपण कोठे आहोत हे अचूक ठाऊक असले, पण ते सांगण्याचे साधन बंद पडले असले, तर मालकाच्या दृष्टीने त्या ज्ञानाचा उपयोग शून्य होय. याच्या उलट गाईच्या गळ्यातील घंटा आहे. घंटेला आपण कोठे आहोत हे मुळीच ठाऊक नसते, तरीही ती कळविण्याचे काम चोख करते. ही तुलना फळ्यावर दोन स्तंभांत मांडावी.

२. एका वाघाचे उदाहरण. दोन्ही कामे एकाच साधनाने पार पाडल्याचे उत्तम उदाहरण वऱ्हाडातच घडलेले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ साली रेडिओ-पट्टा बसविण्यात आला. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने अभ्यासासाठी त्यास ‘सी-१’ अशी खूण दिली होती. स्वतःच्या मुलखाच्या शोधात हा वाघ निघाला. तेलंगणाची सीमा ओलांडून, शेते, नाले व रस्ते पार करीत, डिसेंबर २०१९ च्या सुमारास तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर त्याची सुमारे १,३०० किलोमीटरांची भ्रमंती झाली होती. पुढील काही महिन्यांत हा आकडा ३,००० किलोमीटरांच्या घरात गेला.

हे सर्व कळले कसे? पट्ट्यातील ग्राहक तासातासाला वाघाचे स्थान टिपीत असे व ते उपग्रहामार्गे अभ्यासकांस मिळत असे. अशी पाच हजारांहून अधिक स्थाने नोंदली गेली. वाघ दिवसा बहुधा झुडपांत किंवा नाल्यात विसावतो व रात्री चालतो, ही गोष्ट त्या नोंदींतून प्रत्ययास आली. पट्ट्याची बॅटरी बहुतांशी संपत आल्यावर एप्रिल २०२० मध्ये तो काढण्यात आला. तेव्हापासून वाघ होता, पण तासागणिक येणारी वार्ता थांबली. माग काढण्याच्या साधनाचे आयुष्य हे त्याच्या बॅटरीचे आयुष्य असते, हे या ठिकाणी मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

३. कळविण्याच्या साधनांचे प्रकार. ड्रोनवर बसविता येणारी माग-साधने अनेक आहेत. प्रत्येकाचा गुण व उणीव आपल्या मुलखाच्या संदर्भात सांगावी.

पहिले साधन आवाज व प्रकाश यांचे. पडल्यावर वाजणारा लहानसा भोंगा, शक्यतो स्वतंत्र बॅटरीवर चालणारा, हा गाईच्या घंटेचाच नवा अवतार होय. त्याचा पल्ला थोडा असतो. पण शोध शेवटच्या काही दहा मीटरांपर्यंत आला की इतर सर्व साधनांहून तोच अधिक कामी येतो.

दुसरे साधन किल्ल्यांना अडकवावयाच्या ब्लूटूथ खुणेचे. ही स्वस्त व हलकी असते. तथापि तिचा संकेत थोड्या अंतरापर्यंतच जातो, आणि दूर असताना ती आपले स्थान स्वतः कळवीत नाही. जवळून जाणाऱ्या परक्याच्या मोबाइल संचाने तिचा संकेत ऐकून पुढे कळवावा अशी तिची योजना आहे. अमरावती शहराच्या बाजारात ही योजना उत्तम चालेल. दर्यापूरजवळच्या शिवारात, जेथून दिवसभरात दोन बैलगाड्या जातात, तेथे ती मुकी राहील.

तिसरे साधन सिमकार्डयुक्त माग-यंत्राचे. मोटारी व मालवाहू गाड्या यांवर ते बसवितात. ते स्थान जाणते व मोबाइलच्या जाळ्यातून कळवितेही. जेथे जाळे आहे तेथे ते विश्वासू आहे. मेळघाटातील डोंगरदऱ्यांत जाळे सर्वत्र पोचत नाही. तेथे त्यावर विसंबणे योग्य नव्हे.

चौथे साधन रेडिओ-प्रेषकाचे. याला मोबाइलचे जाळे लागत नाही. काही प्रेषक आपले स्थानच पाठवितात. भारतात अशा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा परवान्याविना वापरता येतो. काही प्रेषक केवळ ‘टिक् टिक्’ असा संकेत देत राहतात. शोधणारा दिशादर्शी अँटेना हाती धरून वर्तुळाकार फिरतो. जिकडे संकेत सर्वांत स्पष्ट, तिकडे वस्तू. वन्यप्राण्यांचा माग काढणारे हीच रीत वापरतात.

रेडिओ-लहरींच्या मार्गात डोंगर आला की मागे सावली पडते. पूर्णेच्या सपाट खोऱ्यात जो संकेत दूरवर ऐकू येतो तो चिखलदऱ्याच्या कड्यामागे अगदी जवळून येणार नाही. मोर्शी-वरूडकडील संत्र्यांच्या दाट व ओल्या बागांतही तो क्षीण होतो. म्हणून संकेत मिळेनासा झाला की उंचवट्यावर जाऊन पुन्हा ऐकावे. न ऐकू येणे म्हणजे तेथे नसणे असे अनुमान करू नये.

४. शेवटची नोंद. कोणतेही खास साधन नसले तरी एक माहिती बहुधा हाती असते. ड्रोन उडत असता आपले स्थान चालकाच्या नियंत्रकाकडे पाठवीत असतो, व संपर्क तुटण्यापूर्वीची शेवटची नोंद पुष्कळशा संचांत शिल्लक राहते. म्हणून ड्रोन दिसेनासा होताच धावत सुटू नये. नियंत्रक बंद करू नये. शेवटचे स्थान, वेळ, उंची, वेग व दिशा प्रथम कागदावर उतरून घ्यावी. संपर्क तुटल्यास उड्डाणस्थळी परत येण्याची सोय अनेक ड्रोनमध्ये असते. तेव्हा काही काळ एका माणसाने मूळ जागीच थांबावे हेही इष्ट होय.

या नोंदीचे मोल गणिताने दाखविता येते. समजा, १२० मीटर उंचीवर सेकंदास १० मीटर वेगाने जाणारा ड्रोन बंद पडला. हवेचा अडथळा सोडून दिल्यास जमिनीवर येण्यास त्याला सुमारे ५ सेकंद लागतील. तेवढ्यात तो पुढे ५ × १० = ५० मीटर जाईल. नोंद त्या क्षणाचीच असेल तर ५० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात शोध घेणे पुरे. त्याचे क्षेत्रफळ ३.१४ × ५० × ५० = ७,८५० चौरस मीटर, म्हणजे सुमारे २ एकर. आता समजा, नोंद एक मिनिट जुनी आहे व दिशा माहीत नाही. ६० सेकंदांत ड्रोन ६०० मीटर गेला असेल. क्षेत्रफळ ३.१४ × ६०० × ६०० = ११,३०,४०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे २८० एकर. त्रिज्या १२ पट झाली, परंतु शोधावयाची जमीन १४४ पट झाली. दोन एकरांचा शोध चार माणसे दुपारपर्यंत पुरा करतील. २८० एकरांसाठी सारा गाव पुरणार नाही. ज्या वर्गास वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकविलेले नाही तेथे आलेखाच्या कागदावर वर्तुळे काढून चौकटी मोजवाव्यात.

अपुऱ्या माहितीचे परिणाम जगाने मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहेत. ८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघालेले मलेशियाचे प्रवासी विमान २३९ माणसांसह नाहीसे झाले. एका उपग्रहाशी त्याचे जे मोजके संकेत झाले त्यांवरून ते उपग्रहापासून किती दूर होते हे प्रामुख्याने कळले. केवळ अंतर कळले की नकाशावर बिंदू मिळत नाही, वर्तुळ मिळते. म्हणून हिंद महासागरावरील एक लांबलचक कंस शोधाचे क्षेत्र ठरला. विमानाच्या नोंदपेट्यांवरील जलध्वनिप्रेषकांची बॅटरी सुमारे ३० दिवस टिकणारी होती. ती मुदत संपली, आणि पुढील दहा वर्षांच्या शोधातही विमानाचा मुख्य सांगाडा हाती लागला नाही.

प्रात्यक्षिक

साहित्य : चुना, २० मीटर दोरी, दोन कोनमापक, आलेखाचा कागद, पट्टी, एक घंटा.

शाळेच्या पटांगणात पूर्व-पश्चिम अशी २० मीटरांची रेघ आखावी. पश्चिम टोकास ‘अ’ व पूर्व टोकास ‘ब’ म्हणावे. दोन्ही ठिकाणी डोळे बांधलेला एकेक विद्यार्थी उभा करावा. तिसऱ्याने रेघेच्या उत्तरेस कोठेतरी बसून घंटा वाजवावी. दोघांनी आवाजाच्या दिशेने हात करावा. त्या हाताचा रेघेशी होणारा कोन इतरांनी मोजावा. कागदावर १ सेंटिमीटरास २ मीटर या प्रमाणाने आकृती काढून दोन्ही दिशारेषा जेथे छेदतात तो बिंदू शोधावा. दोन्ही कोन ४५ अंशांचे आले तर घंटा रेघेच्या मध्यापासून नेमकी १० मीटर उत्तरेस असली पाहिजे. प्रत्यक्ष मोजून ताळा पाहावा.

ताळा तंतोतंत जमणार नाही, व न जमणे हेच पाठाच्या दृष्टीने उपयुक्त आहे. हाताची दिशा ५ अंशांनी चुकली तर ४० मीटर अंतरावर सुमारे साडेतीन मीटरांची चूक होते, व ४०० मीटर अंतरावर ३५ मीटरांची. म्हणून दुरून एकदा दिशा घेऊन भागत नाही. जवळ जात पुनःपुन्हा घ्यावी लागते. त्यानंतर ‘अ’ व ‘ब’ यांस केवळ २ मीटरांवर उभे करून प्रयोग पुन्हा करावा. दिशारेषा जवळजवळ समांतर होतात व छेदबिंदू भलतीकडे जातो, हे मुलांस दिसेल. दोन रेषा परस्परांस काटकोनाच्या जवळपास छेदतील अशा जागा निवडाव्यात, हा नियम त्यांच्याकडूनच वदवून घ्यावा.

शोध घेताना पाळावयाचे नियम

साधन आपणांस काही मीटरांपर्यंत नेऊन सोडते. पुढचे काम डोळ्यांचे व पायांचे असते. उभ्या तुरीत पाच मीटरांवरची वस्तू दिसत नाही. अशा वावरात मालकाची परवानगी घेऊन, पिकाच्या तासांना धरून, ओळीने चालावे व पाहून झालेल्या धुऱ्यावर कापडाची चिंधी बांधावी. एकच जागा तिघांनी पाहणे व शेजारची कोणीच न पाहणे हा गर्दीच्या शोधातील नेहमीचा दोष आहे.

विद्यार्थ्यांस पुढील गोष्टी निक्षून सांगाव्यात. पडलेला ड्रोन आढळल्यास त्यास हात लावू नये. पाती अकस्मात फिरू शकतात, टाकीत कीटकनाशक असू शकते, व चेपलेली लिथियम बॅटरी काही वेळाने पेट घेऊ शकते. जागा लक्षात ठेवून शिक्षकांस, सरपंचांस अथवा पोलीस पाटलांस कळवावे. ड्रोन विजेच्या तारांवर अडकला असेल तर बांबूने काढण्याचा यत्न कदापि करू नये. वीज कंपनीच्या माणसांस बोलवावे. वावरातील कठडा नसलेल्या विहिरींजवळ मुलांनी शोधास जाऊ नये.

मालकाचेही कर्तव्य आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार ड्रोनला ओळख-क्रमांक घ्यावा लागतो. अपघात झाल्यास चालकाने ४८ तासांच्या आत तो कळवावा असेही त्यांत सांगितले आहे. ड्रोनने आपले स्थान, उंची, वेग व क्रमांक सतत कळवीत राहावे अशी सोय सरकारला पुढे सक्तीची करता येईल, अशी तरतूद त्याच नियमांत केलेली आहे. उड्डाणापूर्वी यंत्रावर गटाचे नाव व दूरध्वनी क्रमांक स्पष्ट लिहिणे हे मात्र बिनखर्ची साधन असून ते बॅटरी संपल्यावरही चालते.

शेवटी एक सावधगिरी. माग-साधन आपल्या वस्तूवर लावावयाचे असते. दुसऱ्याच्या पिशवीत वा वाहनात त्याच्या नकळत ते ठेवणे हा त्या माणसाच्या स्वातंत्र्यावर आघात आहे. ही गोष्ट मुलांशी स्पष्ट बोलावी.

फळ्यावरील सारांश

१. स्थान जाणणे व स्थान कळविणे ही दोन निराळी कामे आहेत.
२. नुसते अंतर कळले तर वर्तुळ मिळते, नुसती दिशा कळली तर रेषा मिळते. दोन दिशारेषा छेदल्या म्हणजे बिंदू मिळतो.
३. त्रिज्या दुप्पट तर शोधाचे क्षेत्र चौपट.
४. बॅटरी संपली की साधन मुके होते. म्हणून शोध लवकर व क्रमाने घ्यावा.
५. नोंद पाहिल्यावाचून माणसावर संशय घेऊ नये.

स्वाध्याय

१. ड्रोनचा वेग सेकंदास ५ मीटर होता व शेवटची नोंद ३० सेकंद जुनी आहे. शोधाच्या वर्तुळाची त्रिज्या किती? नोंद ६० सेकंद जुनी असती तर क्षेत्र कितीपट झाले असते? (उत्तर : १५० मीटर, चौपट.)
२. आपल्या गावाच्या शिवाराचा नकाशा काढून मोबाइलचे जाळे कोठे मिळते व कोठे मिळत नाही ते दोन रंगांनी दाखवा. सिमकार्डयुक्त साधन कोठे निरुपयोगी ठरेल?
३. घंटा, ब्लूटूथ खूण, सिमकार्डयुक्त यंत्र व वाघाचा पट्टा यांपैकी कोणते साधन स्थान जाणते, कोणते कळविते व कोणते दोन्ही करते, याचा तक्ता करा.
४. घरातील वडील माणसांस विचारून, पूर्वी चुकलेल्या गुरांचा शोध कसा घेत, ते दहा ओळींत लिहा. आजच्या पाठातील कोणता नियम त्यांना आधीच ठाऊक होता?

चौथ्या प्रश्नाची उत्तरे वर्गात मोठ्याने वाचवून घ्यावीत. फळ्याच्या कडेस राखून ठेवलेल्या उत्तरांशी त्यांची सांगड घातली म्हणजे, नवे यंत्र आले तरी शोधाची मूळ रीत आपल्या शिवारातील माणसांना परकी नाही, हे मुलांस उमजेल.